वरच्या आळीचं ग्रहण आधी सुटलं

ग्रहणाला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पोटुशी सून घाबरते, तिची सासू तिच्याहून जास्त घाबरते, आणि आमच्या शेजारचे एक गृहस्थ तर ग्रहणात घड्याळाला चावी द्यावी की नाही याचीही काळजी करायचे. पण आख्ख्या पेणमध्ये चंद्रग्रहणाला सगळ्यात जास्त कोण घाबरत असेल तर तो मी. राहू-केतूशी माझं काही वाकडं नव्हतं. माझं भांडण होतं ते ग्रहण सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासाशी, कारण मी गावाला पाणी सोडायचो.

ग्रहण सुटलं की तुम्ही काय करता? घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून टाकता, नळ सोडता, अंघोळ करता, फरशी धुता, ताजं पाणी भरता आणि मग चूल नाहीतर गॅस पेटवता. बरोबर आहे, करावं. पण हेच सगळं आख्खं गाव एकाच वेळी करायला लागलं तर टाकीचं काय होत असेल, याचा विचार तुम्ही कधी केला नसेल. तुम्हाला गरज नव्हती. मला मात्र त्याचाच पगार मिळायचा.

आमचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. टेकाडावर उंच टाकी. तिथून निघालेली मोठी लाइन वरच्या आळीतून, मग मधल्या आळीतून उतरत उतरत हायवेजवळ रामवाडीत संपायची. सगळ्यांना एकदम पाणी पुरत नाही, म्हणून पाळीपाळीने द्यायचं. रस्त्यात ज्या लोखंडी झाकणावर तुमची स्कूटर धडपडते, त्याच्याखाली खड्डा असतो आणि खड्ड्यात व्हॉल्व्ह. माणसाएवढ्या उंचीची लोखंडी चावी वरून त्यात घालायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. वरच्या आळीला असा व्हॉल्व्ह होता, रामवाडीलाही होता. मधल्या आळीला नव्हता. तिथल्या घरांची जोडणी थेट मोठ्या लाइनीवरच होती, त्यामुळे लाइनीत पाणी आलं की मधली आळी न विचारता पंगतीला बसायची. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचा घोळ समजायला सोपा जाईल.

या धंद्यात डोळ्यांपेक्षा कान लागतो. रात्री गळती शोधायची तर चावीचं एक टोक पाइपावर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. आत पाणी काय बोलतंय ते ऐकू येतं. मी असा भर रस्त्यात चावी कानाला लावून उभा राहिलो की येणारे-जाणारे विचारायचे, "काय म्हणतंय पाणी?" मी सांगायचो, "तुमच्याबद्दलच बोलतंय." लोक हसायचे. ज्यांनी लाइनीला चोरून मोटर लावलेली असायची ते हसायचे नाहीत. मोटर ओळखणंही सोपं असतं. शेजारच्या घरच्या नळाच्या तोंडाला तळहात लावायचा, तो आत ओढला गेला की समजायचं, जवळपास कुणीतरी पाणी उपसतंय.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एका घरी नळातून बोटभर मासा पडला. मला वाटलं, आता तक्रार येणार. आली, पण वेगळीच. तो मासा शेजारणीच्या बादलीत पडला होता आणि नळ दोघींच्यात एकच होता, तेव्हा मासा कुणाचा हे मी ठरवावं, असा आग्रह होता. गणपतीच्या कारखान्यात माती भिजवायला जास्तीचं पाणी हवं असलं की कारखानदार मला आत नेऊन अर्धवट झालेल्या मूर्तींसमोर उभं करायचा आणि हळूच म्हणायचा, "आता तूच सांग यांना, पाणी नाही म्हणून." एवढ्या सगळ्या गणपतींना तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

टाकी कधी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, हा आमचा पहिला धडा. टाकी रिकामी झाली की लाइनीत हवा शिरते. मग तुम्ही नळ सोडलात की तो खोकतो, शिंकतो, घसा साफ करतो आणि गप्प बसतो. पंप पुन्हा टाकी भरणार, हवा निघणार आणि शेवटच्या नळाला धार लागणार, यात अर्धा दिवस जातो. शेवटचा नळ रामवाडीतला, आणि रामवाडीतलाही शेवटचा म्हणजे येसूआत्याच्या दारातला.

येसूआत्या माझी सख्खी आत्या नव्हे. ती सगळ्यांचीच आत्या होती. धरमतरकडच्या मिठागरात तिचा जन्म गेला. गुडघे गेल्यावर ती रामवाडीत एका खोलीत येऊन राहिली आणि दारात टोपली मांडून सुकट-बोंबील विकू लागली. मागे-पुढे कुणी नाही, वरच्या आळीत दिलेली एक भाची तेवढी. जीभ अशी, की पोलिसाने सुद्धा सुकटीचा भाव दोनदा विचारला नसता. आळीत विहीर होती, पण तिचं पाणी मचूळ. त्या पाण्याने भांडी घासायची, अंगावर घ्यायचं नाही, असा आत्याचा नियम. "जनमभर खारात उभी ऱ्हायले," ती म्हणायची, "आता न्हायचं ते गोऱ्या पान्यानंच." गोऱ्या म्हणजे गोड्या. तिच्या तोंडात 'ड' फार वेळ टिकत नसे.

माझी सासुरवाडी रोह्याची, आणि माझा मेहुणा तिकडे हेच काम करायचा. ग्रहणाचा विषय निघाला की तो मला चिडवायचा. "भाऊजी, आमच्याकडं कुंडलिका हाय. गिरान सुटलं की लोक सरळ नदीवर. मी चावी उशाला घेऊन झोपतो." मला त्याचा हेवा वाटायचा. आमच्याकडेही नदी आहे, पण पेणच्या लोकांना ग्रहण सुटल्यावर घराबाहेर पडायला नको, नळ तेवढा वेळेवर हवा.

नोकरीतलं माझं पहिलं खग्रास ग्रहण भाद्रपदातलं. गणपती नुकतेच गेले होते. मोक्ष मध्यरात्र उलटून गेल्यावर होता, म्हणून मी निवांत होतो. एवढ्या रात्री कोण उठतंय? पण गाव झोपलेलंच नव्हतं. गाव नळाखाली बादली लावून चंद्राकडे बघत बसलं होतं. मोक्ष झाला आणि जणू कुणीतरी शिट्टी मारली. हंडे उपडे झाले, नळ सुटले, आणि बघता बघता टाकीचा तळ दिसला. वरच्या आळीत राहणारे पाध्येगुरुजी अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत अडकले आणि शेवटी त्यांनी पंच्याने साबण पुसून काढला, हे गावात पुढे बरेच दिवस चवीने सांगितलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी येसूआत्या रिकामी कळशी घेऊन ऑफिसात आली. तिने आरडाओरडा केला नाही. कळशी माझ्यासमोर ठेवली आणि खाली बसली. आदल्या दिवशी वेध लागल्यापासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, कारण मोक्षाची अंघोळ झाल्याशिवाय ती घोटही घेत नसे. मी म्हटलं, "आत्या, शेजारी कुणाकडे तुळशीचं पान घातलेलं पाणी असेल ना?"

"ते तुमचं पान-बिन तुमच्याजवल. आमच्यात गिरानातलं पानी ओततात."

"अगं, पण जीव महत्त्वाचा की..."

"चंद्र सुटला रं वसंता," ती म्हणाली, "मी नाय सुटले."

ती मला दोन शिव्या देती तर बरं झालं असतं. मी तिची कळशी उचलली, सायकलला बांधली आणि टाकीवरच्या नळाखाली भरून तिच्या घरी पोचवली. तेव्हापासून मी पंचांग बघायला लागलो. मधली काही ग्रहणं ढगात गेली. काही कडाक्याच्या थंडीत मध्यरात्री सुटली, तेव्हा भल्या भल्या धार्मिक माणसांनी अंघोळ सकाळवर ढकलली. थंडीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आणि मग एका वर्षी दत्तजयंतीलाच खग्रास ग्रहण आलं. वेळ अशी, की चंद्र उगवून जरा वर येतो न येतो तोच स्पर्श, आणि जेवणाच्या वेळेच्या जरा पुढे मोक्ष. म्हणजे कुणी झोपणार नाही, कुणी सकाळवर ढकलणार नाही, आणि वेध सकाळीच लागल्यामुळे सगळं गाव भुकेलेलं. मी पंचांग मिटलं आणि पहिली आठवण आली ती येसूआत्याची. ती आता सत्तरीच्या पुढे गेली होती. थोड्याच दिवसांपूर्वी तापाने इतकी आडवी झाली होती, की सलाइनवर ठेवावी लागली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, हिला उपाशी ठेवायचं नाही, पाणी थोडं थोडं पाजत राहायचं. ती सकाळपासून मोक्षापर्यंत कोरडी राहिली, तेवढ्यावर निभावलं तर निभावलं. पण टाकी आटली असती तर तिचा नळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोकत बसला असता, आणि तेवढं तिच्या अंगात उरलं नव्हतं.

मी तिला समजवायला गेलो. "आत्या, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना वेधात सूट असते. गुरुजींना विचारून आलोय."

"म्हातारी कोन?"

"बरं, आजारी."

"आजारी कोन? तू जा, मना सुकट निवरायची हाय."

"आत्या, निदान पाणी तरी पी गो."

"न्हायल्याबिगर नाय." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "तू नको कालजी करूस. नाय आलं पानी तर नाय आलं."

हे मला फार लागलं. माझ्याकडून पाणी येणारच नाही, असं तिने धरूनच टाकलं होतं. मी तिथेच तिला शब्द दिला, की या खेपेला मोक्षाला तुझ्या नळाला धार असेल. शब्द देऊन बाहेर पडलो आणि सायकलवर बसल्यावर लक्षात आलं, की तो पाळायचा कसा हे मला अजिबात माहीत नाही.

पाध्येगुरुजींकडे गेलो. साबणाचा प्रसंग ते विसरलेले नव्हते, त्यामुळे विषय काढायला वेळ लागला नाही. मी विचारलं, "गुरुजी, ग्रहण एकदमच सुटतं का हो?"

गुरुजी खुशीत आले. त्यांना असं कुणी विचारत नसे, सगळे नुसतं किती वाजता तेवढंच विचारत. ते म्हणाले, "एकदम कसं सुटेल? पाच पायऱ्या असतात. पृथ्वीच्या सावलीत चंद्राची कड शिरली की स्पर्श. पूर्ण बुडाला की संमीलन. मग मध्य. मग पहिली कड पुन्हा उजळली की उन्मीलन. आणि सगळा बाहेर आला की मोक्ष."

"उन्मीलन आणि मोक्षामध्ये वेळ किती?"

"तास-सव्वा तास सहज."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सगळ्या गावाने मोक्षाला अंघोळ केली तर टाकी मेली. पण वरच्या आळीने उन्मीलनाला उरकून घेतलं, तर उरलेल्या तासात पंप टाकी पुन्हा वर आणेल आणि खाली रामवाडीपर्यंत जोर राहील. मी विचारलं, "गुरुजी, उन्मीलनाला अंघोळ केली तर चालेल?"

"शास्त्रात स्पर्शाला स्नान आहे, मोक्षाला आहे."

"उन्मीलनाला मनाई आहे?"

गुरुजींनी पंचांगाची दोन पानं उलटली. "मनाई अशी कुठे वाचलेली नाही. पण हे बघ वसंता, मी खोटं सांगणार नाही."

"तुम्ही काहीच सांगू नका. कुणी विचारलं तर तेवढं हसा."

दुसऱ्या दिवशी मी वरच्या आळीत गिरणीवाल्या काकूंकडे पाणी तपासायला गेलो. काकूंच्या यजमानांची पोह्यांची गिरणी होती, पण आळीतल्या बातम्या दळायची गिरणी काकूच चालवायच्या. मी नळ उघडून बघितला, बंद केला आणि सहज म्हणावं तसं म्हटलं, "काय काकू, तुमची आळी उंचावर. चंद्र तुमच्याकडे आधी दिसत असेल, नाही?"

"दिसतोच मुळी. खालच्या लोकांना मागून दिसतो."

"मग ग्रहणही तुमचं आधीच सुटणार."

बस्स. मी एवढंच बोललो. विचारा कुणालाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या वरच्या आळीत पसरलं, की आपलं ग्रहण आधी सुटतं. चंद्राची पहिली कड उजळली की आपला मोक्ष, बाकीच्यांनी बसावं वाट बघत. कुणी गुरुजींना विचारलं, तेव्हा गुरुजी हसले. गुरुजी हसले म्हणजे खरंच असणार, असं ठरलं. खरंखोटं करायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण बातमी मानाची होती. वरच्या आळीला आयुष्यभर पाणी आधी मिळालं होतं, आता चंद्रही आधी मिळत होता.

घोळ तिथे नव्हता. घोळ मधल्या आळीने केला. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी तिथली चार-पाच माणसं मला रस्त्यात अडवून उभी राहिली. "आम्ही घरपट्टी भरत नाय काय? आमचं गिरान मागून का?"

मी म्हटलं, "चंद्राचा व्हॉल्व्ह माझ्याकडे नाही हो."

"मग त्यांचं आधी कसं सुटतं?"

"उंचीचा प्रश्न आहे."

त्यांच्यातल्या एकाची नवी तीन मजली बिल्डिंग होती. तो म्हणाला, "मग माझी गच्ची मोजा. वरच्या आळीच्या कौलापेक्षा उंच भरेल." मी म्हटलं, "गच्चीवर अंघोळ करणाऱ्याने आधी करायला हरकत नाही." हे विनोदाने म्हटलं होतं. पण खोटं एकदा सायकलवर बसलं की ब्रेक आपल्या हातात राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दत्तजयंतीच्या संध्याकाळी मी टाकीच्या शिडीने वर चढून बसलो. खाली दत्ताचं देऊळ, देवळावर कर्णा. वर चंद्र आणि पायाखाली झाकण उघडलं की पाणी. दोन्हीकडे एकदम लक्ष ठेवायला त्याहून चांगली जागा पेणमध्ये नाही. डोंगरामागून चंद्र वर आला तेव्हा पांढरा, भरलेला, कुठे काही डाग नाही. थोड्या वेळाने त्याची खालची कड जरा मळकट दिसायला लागली, जशी तव्यावरच्या भाकरीची एक बाजू करपायला लागते. मग ती काळी झाली आणि हळूहळू वर चढली. खाली गाव गप्प. स्वयंपाकाचा वास नाही, भांड्यांचा आवाज नाही. देवळात गुरुजींचा जप चालला होता तेवढाच. चंद्र अर्धा गेला तसे आजूबाजूला तारे वाढायला लागले. पौर्णिमेच्या आकाशात एवढे तारे असतात हे एरवी कळत नाही.

शेवटची पांढरी रेघही बुडाली. मला वाटलं होतं, आता नुसता काळोख होईल. पण चंद्र गेलाच नाही. तो तांबूस झाला, चिंचेने घासलेल्या हंड्याच्या बुडासारखा, आणि तसाच लटकून राहिला. मी एवढी वर्षं पंचांगात ग्रहणाच्या वेळा बघत होतो, पण ग्रहण असं बसून कधी बघितलंच नव्हतं. मला ते फार आवडलं, आणि तेवढ्यापुरता मी टाकी, आळ्या, सगळं विसरलो.

मग जी कड आधी काळवंडली होती तिथेच सुईएवढा उजेड फुटला. उन्मीलन! मी धडाधड खाली उतरलो, पळत जाऊन वरच्या आळीचा व्हॉल्व्ह सोडला. घराघरांतून हंडे उपडे झाल्याचे आवाज, बादल्यांचे आवाज, थंडीने केलेले हू-हू. काकूंचा आवाज सगळ्यांत वर, "पहिला मान आपला!" ठरल्या वेळाने मी व्हॉल्व्ह आवळला, पुन्हा टाकीवर चढलो, टॉर्च मारला. पाणी बेताचं खाली गेलं होतं. मी स्वतःवर खूश झालो. पंप चालू होता. आता पाणी चढायला लागणार.

ते चढलं नाही, उतरायला लागलं. मी मधल्या आळीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक गच्चीवर माणसं होती. तीन मजली, दोन मजली, एकाने तर पत्र्यावर शिडी लावली होती. पाइपाने पाणी वर घेऊन सगळी मधली आळी उंचावर अंघोळ करत होती, आणि खाली बायका हंडे भरून घेत होत्या. त्यांना व्हॉल्व्ह नाही हे मी सांगितलंच आहे. मुख्य लाइन बंद करावी तर रामवाडीही कोरडी. आणि तशीच चालू ठेवावी तर मोक्षाला टाकीत हवा. माझ्या डोळ्यांपुढे ती कळशी आली.

मी देवळात घुसलो. "गुरुजी, आता खरं सांगायची वेळ आली."

"मी दोन दिवस त्याचीच वाट बघतोय," असं म्हणत गुरुजी उठले आणि त्यांनी माइक हातात घेतला. कर्ण्यातून त्यांचा आवाज सगळ्या गावावर घुमला. "भाविकहो, ग्रहण अजून सुटलेलं नाही. चंद्र एकच आहे, तो सगळ्या गावाचा एकदमच सुटेल. आत्ता भरलेलं पाणी ग्रहणातलंच, ते मोक्षानंतर ओतावं लागेल. ज्यांची स्नानं उरकली आहेत, त्यांनी ती केवळ स्वच्छतेसाठी झाली असं समजावं."

मग मधल्या आळीत एकेक नळ बंद व्हायला लागला. जे पाणी ओतावंच लागणार, ते भरायचं कशाला? गच्च्यांवरची ओली माणसं कुडकुडत खाली उतरली. मी चावी लाइनीला टेकवून कान लावला. आतला खळखळाट थांबला होता आणि पाणी एका दमात खाली रामवाडीच्या व्हॉल्व्हपर्यंत भरत चाललं होतं. तो आवाज मी कधी विसरणार नाही. वरच्या आळीतून मात्र वेगळे आवाज येत होते. काकू ओल्या केसांनी खिडकीत आल्या. "वसंता! थंडीत डोक्यावरून घेतलं रे मी! आता पुन्हा?"

"काकू, स्वच्छता वाईट नसते," मी ओरडलो आणि सायकलवर टांग टाकली.

रामवाडीचा व्हॉल्व्ह पूर्ण सोडला आणि शेवटच्या गल्लीकडे निघालो. वर चंद्राच्या एका टोकाला पुसट डाग तेवढा उरला होता. आत्याच्या दारात पोचेपर्यंत तोही गेला. मी नळ सोडला. तो एकदा खोकला. मग फस्सकन हवा निघाली आणि मनगटाएवढी धार सुरू झाली. मला एवढा आनंद झाला, की मी ओरडलो, "आत्या! बाहेर ये गो! पाणी आलं!"

कुणी आलं नाही. मी घाबरून आत शिरलो. आत्या चुलीपुढे बसली होती. केस ओले, अंगावर धुतलेलं लुगडं, पुढ्यात ताट, ताटात गरम भात आणि सुकटीचं कालवण. ती आरामात जेवत होती.

"तू... तू कधी न्हायलीस?"

"मघाशीच. मिनीडोर रिक्षा करून वरच्या आलीत गेले, भाचीकरं, पान्याची कलशी बी भरून आनली. तिथं आधी सुटतं ना?"

आख्ख्या गावात ज्या एका बाईला ही बातमी पोचायला नको होती, तिलाच ती पोचली होती. तिने माझ्या थापेवर विश्वास ठेवून मोक्षाआधी अंघोळ केली होती, मोक्षाआधी अन्न शिजवलं होतं. जन्मभर पाळलेला तिचा नेम माझ्यामुळे मोडला होता. मी तिथेच खाली बसलो.

"आत्या, ते खोटं होतं. मीच उठवलं होतं. कर्ण्यावर गुरुजी बोलले ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. बामनाचं खरं बामनाजवल."

"अगं, चंद्र काय आळीआळीने सुटतो?"

आत्याने हातातला घास ताटात ठेवला. "मना शिकवतोस? पुनवेच्या उधानाला रातरात जागून मिठागराचा बांध राखलाय मी. चंद्र एकच हाय, ठावं हाय मना."

"मग न्हायलीस कशी? आणि जेवतेयस कशी?"

ती माझ्याकडे बघून हसली. तिचं हसणं मी फार थोड्या वेळा बघितलंय.

"मेल्या, माझ्यासाटी सगल्या गावाला फसवलंस," ती म्हणाली. "मी एकटीच नाय फसले, तर बरं दिसंल काय? जा, आधी नल बंद कर."